आधी माती उकरायची

उजव्या पायाचा घोटा तीन वर्षांत तीनदा मुरगळला आणि तिन्ही वेळा मी दोष जमिनीला दिला. पहिल्या वेळी मैदानातला खळगा होता, दुसऱ्या वेळी पायरीची निसटलेली फरशी होती आणि तिसऱ्या वेळी येळ्ळूरच्या राजहंसगडावरून उतरताना पायाखाली आलेला गोटा होता. खळगा, फरशी आणि गोटा यांनी मिळून माझ्याविरुद्ध कट रचला असावा, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. वास्तविक त्या मैदानावर त्याच सकाळी आणखी एकवीस जण धावत होते, त्या पायरीवरून माणसे रोज चढ-उतार करतात आणि गडावर त्या दिवशी माझ्यापुढे नऊवारी नेसलेल्या एक आजी हातात चपला घेऊन उतरत होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही काही झाले नाही, ही गोष्ट मी सोयीस्करपणे नजरेआड केली होती.

मी बेळगावजवळच्या एका मराठी शाळेत शिकवतो. वय 48. पहिला प्रसंग घडला तो दहावीच्या जुन्या सवंगड्यांच्या वार्षिक क्रिकेट सामन्यात. जानेवारीतली सकाळ होती. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर असल्यामुळे त्या दिवसांत सकाळी सातच्या सुमारास गवतावर दव असते आणि अंगातला स्वेटर काढवत नाही. आदल्या रात्री अकरापर्यंत मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो, सकाळी उठायला उशीर झाला, स्कूटर लावून धापा टाकतच मैदानात शिरलो आणि आमचा संघ नाणेफेक हरल्यामुळे थेट क्षेत्ररक्षणाला उभा राहिलो. वर्षभरात माझ्या पायांनी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे बाकांच्या दोन रांगांमधून मारलेल्या फेऱ्या. तरीही तिसऱ्याच चेंडूवर फटका कव्हर्सच्या दिशेने आला, तेव्हा धावायला निघाला तो कॉलेजच्या संघातला बारावा खेळाडू, ते दुःख अजून न विसरलेला वीस वर्षांचा मुलगा. त्याला पाय मात्र चाळिशी ओलांडलेल्या मास्तराचे मिळाले होते. चेंडू उचलून फेकण्यासाठी मी वळलो, शरीर वळले, उजवा पंजा होता तिथेच राहिला, आणि सुंभ तुटावा तसा एक बारीक आवाज आतून आला.

पुढच्या दोन दिवसांत त्या घोट्यावर जे उपचार झाले, ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. एका मित्राने पाय मांडीवर घेऊन बाम चोळला. दुसऱ्याने अंगठा धरून जोरात हिसका दिला, कारण त्याच्या मते शीर शिरेवर चढली होती. घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी झाली आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी मला मुरगळ उतरवणाऱ्या एका गृहस्थांकडे नेले. त्यांचा हात हलका आहे, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. माझ्या वाट्याला बहुधा त्यांचा दुसरा हात आला. तिथून परतलो तेव्हा घोट्याचे हाड दिसेनासे झाले होते आणि पोटरीपासून बोटांपर्यंत सगळा पाय एकसारखा निळाजांभळा झाला होता.

घोटा बहुतेक वेळा आतल्या बाजूला वळून मुरगळतो आणि त्यामुळे बाहेरच्या बाजूचे, हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. त्यांच्यासोबत बारीक रक्तवाहिन्याही तुटतात. पहिले दोन-तीन दिवस आत रक्तस्राव आणि सूज यांचे प्रकरण चालू असते. अशा वेळी चोळणे आणि शेकणे म्हणजे गळक्या नळाची तोटी आणखी सैल करण्यासारखे आहे. या काळात पाय उशीवर उंच ठेवावा, रुंद इलॅस्टिक पट्टी बोटांकडून वर अशी माफक घट्ट बांधावी आणि वेदना कमी करण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, एवढे पुरे असते. बर्फाविषयीही आता पूर्वीइतकी श्रद्धा राहिलेली नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केली आणि पुढे त्यांनीच लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे जखम भरून येण्याची क्रिया मंदावू शकते. कारण सूज ही दुरुस्तीचीच पहिली पायरी असते. स्वतःच्या नावाने चाललेला सल्ला स्वतःच दुरुस्त करणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो. आईने लावलेल्या आंबेहळदीच्या लेपाने अपाय काही झाला नाही. उलट लेप वाळेपर्यंत पाय हलवायचा नाही, या तिच्या दटावणीमुळे त्याला थोडी उसंत मिळाली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी घोट्याची दोन्ही हाडे मागच्या कडेने, खालची सहा सेंटिमीटर एवढ्या पट्ट्यात, अंगठ्याने दाबून पाहिली, मग पंजाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूचे एक-एक हाड दाबले, आणि शेवटी म्हणाले, "चार पावलं टाकून दाखवा." मला ती परीक्षा फार किरकोळ वाटली. नंतर कळले की कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले आणि जगभर वापरले जाणारे हे नियम आहेत. त्या नेमक्या जागी हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. एरवी हाड मोडलेले असण्याची शक्यता अगदी थोडी असते. मला लंगडत का होईना, चार पावले टाकता आली. मी विजयी मुद्रेने घरी आलो, तीन आठवड्यांनी वेदना थांबली, आणि पाय बरा झाला असे स्वतःच जाहीर करून टाकले. दुसरी मुरगळ त्या जाहीरनाम्यानंतर पाच महिन्यांनी झाली.

तिसऱ्या वेळी मला फिजिओथेरपीसाठी पाठवण्यात आले. तिथली मुलगी गोकाककडची, घरची भाषा कन्नड, पण रुग्णांशी बोलून बोलून तिने आमच्या बेळगावी मराठीचा हेलही उचलला होता. तिने मला भिंतीजवळ उभे केले आणि डोळे मिटून डाव्या पायावर तोल सांभाळायला सांगितले. तिच्या हातातल्या घड्याळाप्रमाणे मी अठरा सेकंद उभा राहिलो. मग उजव्या पायावर. चौथ्या सेकंदाला मी भिंत धरली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चार. घोटा अजिबात दुखत नव्हता, सूज नव्हती, तरी पायाखालची फरशी नावेसारखी हलते आहे असे वाटत होते. "दुखायचं थांबलं म्हणून तुम्ही सोडून दिला काय, सर?" ती म्हणाली, आणि त्या प्रश्नात मला माझाच आवाज ऐकू आला; निम्मा धडा वाचून अभ्यास संपवणाऱ्या मुलांना मी नेमके याच सुरात विचारतो.

तिने समजावले ते असे. अस्थिबंध म्हणजे नुसत्या दोऱ्या नव्हेत. पाय कोणत्या कोनात आहे, कुठे कलतो आहे, याची बातमी क्षणोक्षणी मेंदूला पाठवणारे संवेदक त्यांच्यात असतात. दोरी फाटते तेव्हा तारही तुटते. दोरी पुढे जुळून येते, पण तारेवरची बातमी उशिरा पोहोचू लागते, आणि खळग्यात पाय वळू लागला की पोटरीचे स्नायू सावरायला येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या 522 खेळाडूंच्या एका अभ्यासात, ज्यांनी नेहमीच्या उपचारांबरोबरच आठ आठवडे घरच्या घरी तोल सांभाळण्याचे व्यायाम केले, त्यांचा घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. हे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मला सांगितलेला व्यायाम तर हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता: दात घासताना एका पायावर उभे राहायचे, सकाळी उजव्या, रात्री डाव्या. आमच्या न्हाणीघरातला आरसा आता मला रोज करकोचा होताना पाहतो. पहिल्याच दिवशी मी दोन्ही वेळा उजव्याच पायावर आणि तेही डोळे मिटून उभा राहण्याचा उत्साह दाखवल्याचे सांगितले, तेव्हा ती हसून म्हणाली, "निधान, सर, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा आणि निदान म्हणजे रोगाची ओळख. सीमाभागात राहणाऱ्या माणसाच्या कानाला अशा शब्दांच्या ठेचा रोजच लागतात, पण ही ठेच मला आवडली. निदान डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच केले होते, निधान सांगणारे कोणी भेटले नव्हते.

घरी येऊन हे सगळे आप्पांना सांगितले. आप्पा 79 वर्षांचे आहेत आणि तरुणपणी गावच्या तालमीत त्यांनी दहा वर्षे मेहनत केली आहे. माझे विवेचन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या मैदानात माती कोण उकरतं?" कोणीच नाही, मी म्हणालो. "मग पाय मुरगळणारच." सुरुवातीला मला वाटले की आप्पाही जमिनीलाच दोष देत आहेत. त्यांचा रोख वेगळा होता, हे त्यांनी पुढे जे सांगितले त्यावरून उमगले.

तालमीत पहाटे पाऊल टाकले की पहिले काम कुस्तीचे नसायचे. खोरे आणि टिकाव घेऊन हौद्यातली लाल माती वीतभर खोल उकरायची, ढेकळे फोडायची, तळाची माती वर आणि वरची तळाला करायची, खडा दिसला तर वेचून बाहेर टाकायचा आणि मग फळी फिरवून सगळे सपाट करायचे. त्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबाचा रस असे काय काय जिरवलेले असायचे, म्हणून ती भुसभुशीत राहायची आणि अंगाला ओरखडे कमी यायचे. हे काम नव्या पोरांकडे असे आणि ते काम म्हणजे आपल्याला राबवून घेणे आहे, अशी नव्या पोरांची समजूत असे. अर्धा तास उकरल्यावर मात्र अंग घामाने निथळत असे, कंबर, खांदे, मांड्या, मनगटे, सगळे सांधे एकदा फिरून झालेले असत. त्यानंतर जोर आणि बैठका, त्यानंतर खडाखडी, आणि सर्वांत शेवटी खरी जोड. म्हणजे पडायची जागा मऊ करणे आणि पडणारे शरीर तयार करणे ही दोन्ही कामे एकाच खोऱ्याने होत होती. "वॉर्मअप" हा शब्द आप्पांनी कधी ऐकला नव्हता, कारण कुस्तीपासून वेगळी काढून टाळता येईल अशी ती गोष्ट त्यांच्याकडे नव्हतीच. माती उकरली नाही तर कुस्ती कशात खेळणार? आम्ही मैदान भाड्याने घेतो, ते कोणीतरी तयार करून ठेवलेले असते, आणि शरीरही कोणीतरी तयार करून ठेवले असेल अशा भरवशावर त्यात उतरतो.

आप्पांच्या वस्तादांचा दुसरा एक दंडक होता. नवा पठ्ठ्या कितीही दणकट असो, पहिल्या दिवशी त्याला पंचवीस बैठकांच्या वर जाऊ देत नसत आणि संख्या वाढवायची ती वस्तादांना विचारून. एका पोराने ईर्ष्येने तीनशे बैठका मारल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली, अशी एक गोष्ट आप्पा सांगतात. लहानपणी ती मला घाबरवण्यासाठी रचलेली वाटायची. आता कळते की सवय नसताना एकदम अति व्यायाम झाला तर स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडे बंद पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तशी लघवी दिसली तर रुग्णालय गाठावे, घरात बसून लिंबूसरबत पिऊ नये. एरवी नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते, ते मात्र साधे असते आणि आपोआप ओसरते.

तयारी म्हणजे काय, याविषयी आमच्या शाळेतही गैरसमज होता आणि तो पसरवणारा मीच. कवायतीच्या तासाला मी मुलांना थंड अंगाने वाकवून अंगठे धरायला लावत असे आणि अर्धा मिनिट तसेच ताणून ठेवत असे. ऑस्ट्रेलियात लष्करात नव्याने भरती झालेल्या 1538 जवानांवर बारा आठवडे एक प्रयोग झाला होता. निम्म्या गटांनी सरावाआधी पायांचे स्नायू असे ताणून धरले, निम्म्यांनी धरले नाहीत, आणि दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट ठळकपणे दिसली: भरतीच्या वेळी ज्यांचा दम कमी होता, त्यांनाच दुखापती जास्त झाल्या. खेळाआधी शरीराला हवी असते ऊब आणि हालचाल. हळूहळू वाढवत नेलेली पळापळ, गुडघे उचलणे, पाय झुलवणे, अर्ध्या बैठका यांनी स्नायूंचे तापमान वाढते, मज्जातंतूंतले निरोप जलद जातात आणि सांध्यांतले वंगण पातळ होते. ताणून धरणे मुळात वाईट नाही. लवचिकता वाढवायची असेल तर ते खेळ संपल्यावर किंवा वेगळ्या वेळी सावकाश करावे.

लष्कराचा विषय निघालाच आहे, तर आमच्याकडच्या पोरांविषयी लिहिले पाहिजे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. खानापूर, बेळगाव आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यांतल्या गावागावांत भरतीचे वेड पिढ्यान्‌पिढ्या आहे. भरती मेळाव्याची तारीख लागली की पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यांवर पावले वाजू लागतात. 1600 मीटर वेळेत धावायचे असते. वर्षभर भात, रताळी आणि मोबाइल यांत रमलेली पोरे महिनाभर आधी जागी होतात आणि पहिल्या दिवसापासून जीव तोडून धावतात, पायांत कॅनव्हासचे झिजलेले बूट, बरेचदा थोरल्या भावाचे. माझा एक जुना विद्यार्थी असाच धावत होता. चौथ्या आठवड्यात त्याची नडगी दुखू लागली. मी विचारले, कुठे दुखते? त्याने तळहात फिरवला नाही. एक बोट नडगीच्या एका बिंदूवर ठेवले आणि बोट टेकताच तोंड वाकडे केले. एक्स-रे काढला तर तो निर्मळ. पोराने तो कागद निर्दोषत्वाच्या दाखल्यासारखा खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावला. तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला, तेव्हा हाडाला गेलेली चीर दिसली. त्या वर्षीचा मेळावा हुकला.

हा आजार सैन्यातच प्रथम ओळखला गेला. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी वैद्याने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन लिहून ठेवले. क्ष-किरणांचा शोध 1895 चा, त्यामुळे आत हाड चिरलेले असते हे कळायला आणखी चार दशके जावी लागली. ताणाने हाड मजबूत होते हे खरे, पण ते कसे होते हे पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी कौलारू घर शाकारतात, तेव्हा आधी जुनी कौले उतरवावी लागतात, आणि नवी चढेपर्यंत घर उघडे असते. हाडाचेही तसेच आहे. नवा भार पडू लागला की जुना भाग आधी पोखरून काढला जातो, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. नवे हाड भरून पक्के व्हायला मात्र तीन महिन्यांच्या आसपास वेळ जातो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पोराला आपण तयार झालो असे वाटू लागते नेमके तेव्हा, घर उघडे असते. त्यात रात्रीची झोप कमी, पोटात चहा आणि बटर, आणि धावणे मात्र रोज अधिक. मी आता मुलांना भरतीची तयारी चार-पाच महिने आधी सुरू करायला सांगतो, आठवड्यातले निदान दोन दिवस धावू देत नाही, आणि शक्य तिथे डांबर सोडून मातीच्या वाटेने पाठवतो. त्यांना पटते असे नाही. गावात "दुखलं तर दुखलं, पळत राहायचं" असे शिकवणारे अनुभवी लोक माझ्यापेक्षा पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या घरी खुंटीला वर्दी टांगलेली आहे. माझ्या घरी करकोच्याचा आरसा आहे.

मुलींच्या कबड्डी संघाची जबाबदारी शाळेने माझ्याकडे दिली तेव्हा मला गुडघ्यांची चिंता लागली. गुडघ्याच्या आत तिरका बांधलेला एसीएल नावाचा अस्थिबंध खेळाडूंच्या तोंडी असतो. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत तो तुटतो तेव्हा बहुतेक वेळा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. एकदम थांबणे, वळणे किंवा उडी मारून उतरणे एवढे पुरते, आणि वयात आलेल्या मुलींमध्ये, तोच खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत, याचे प्रमाण अधिक असते. एका शनिवारी मी सातही जणींना ओसरीच्या पायरीवरून खाली उडी मारायला लावली आणि मोबाइलवर चित्रण केले. संथ गतीने पाहिले तर चौघींचे गुडघे जमिनीवर उतरताना आत वळून एकमेकांना चिकटत होते. आमची सर्वांत चपळ चढाईपटू त्यांत पहिली. तिला ते दाखवले, तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, हे माझेच गुडघे काय?" तिला वाटत होते की आपण सरळ उतरतो. शरीर काय करते आणि आपल्याला काय केल्यासारखे वाटते, यांत एवढे अंतर असू शकते हे मला माझ्या घोट्यानंतर पुन्हा तिथे दिसले.

फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिच्या पुढाकाराने ओस्लोच्या तज्ज्ञांसह तयार झालेला, 'इलेव्हन प्लस' नावाचा सुमारे वीस मिनिटांचा एक पूर्वव्यायाम आहे: सावकाश धावणे, मग ताकद, तोल आणि उड्या यांचे व्यायाम, शेवटी वेगाने धावणे. नॉर्वेमध्ये 13 ते 17 वर्षांच्या 1892 फुटबॉलपटू मुलींवर त्याची चाचणी घेण्यात आली आणि 2008 मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. त्यासाठी यंत्र लागत नाही, चटई लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती चिकाटी, कारण जे संघ तो नेमाने करतात त्यांनाच त्याचा खरा लाभ होतो. आम्ही त्यातले कबड्डीला जुळेल तेवढे घेतले आणि त्याला गावचे कपडे घातले. "मांजरासारखं उतरायचं," असे मी सांगतो, म्हणजे आवाज न करता, गुडघे वाकवून, आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. धप्प आवाज आला तर ती उडी मोजत नाही. पहिल्या महिन्यात ओसरीवर नुसती धपधप चालली होती. मुख्याध्यापकांनी दोनदा बाहेर येऊन पाहिले. तिसऱ्या महिन्यात मुली एकमेकींच्या उड्यांना कान देऊन परीक्षण करू लागल्या. आणि हो, कबड्डीच्या मैदानातले खडे आम्ही सगळे मिळून वेचतो. सुरुवातीला मुलींना ती शिक्षा वाटली होती.

बाकीच्या काळज्या साध्या आहेत आणि थोडक्यात सांगण्यासारख्या. आमचा पाऊस जून ते सप्टेंबर धो-धो पडतो आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर, कट्ट्यांवर हिरवे शेवाळ धरते; टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत फिरायला येणारे नेमस्त लोक या दिवसांत तळ झिजलेले बूट घालून का येतात, हे मला उलगडलेले नाही. कडक चेंडूने खेळताना यष्टिरक्षक मुलाच्या डोक्यावर जाळीचे शिरस्त्राण हवे, कारण दाताची कवळी मिळते, डोळ्याची मिळत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला श्रमाच्या वेळी छातीत दाटले, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर ते पित्त समजून षटक पूर्ण करू नये.

यंदा नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात आप्पांना घेऊन त्यांच्या गावी गेलो होतो. श्रावणात आमच्याकडे कुस्त्यांची मैदाने भरतात, त्यामुळे तालीम गजबजलेली होती. बाहेर रिपरिप चालू होती आणि आत तेल, ताक आणि घाम यांचा तो ओळखीचा आंबूस वास कोंडून राहिला होता. दहा-बारा पोरे हौद्याभोवती उभी होती, दोघे उकरत होते. आताचे वस्ताद आप्पांच्या पुतण्याच्या वयाचे; त्यांनी आप्पांना कट्ट्यावर बसवले, पाया पडले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, खोरं घेता काय?" नाही म्हणायची सोय नव्हती. चप्पल काढून मी हौद्यात उतरलो. माती गार होती आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. उजवा घोटा क्षणभर कुठे टेकावे असे विचारल्यासारखा थरथरला आणि मग स्थिर झाला. माझ्या वाटणीला एक कोपरा आला. दहा मिनिटांत धाप लागली, पंधराव्या मिनिटाला सदरा पाठीला चिकटला, आणि विसाव्या मिनिटाला, आता कुस्तीची वेळ झाली तेव्हा, माझा दिवस संपला होता. खोरे टेकवून मी वर यायला निघालो. कट्ट्यावरून आप्पांनी काठी उचलून माझ्या कोपऱ्याकडे दाखवली.

"ते बघ तिथं," ते म्हणाले, "एक ढेकूळ राहिलंय."

मी परत आत उतरलो.